शेजारच्या गावाला द्यायच्या शिव्या

माझी मुलगी परदेशात काय शिकते असं ऑफिसात कोणी विचारलं, की सुरुवातीला मी 'इतिहास' म्हणून मोकळा व्हायचो. पुढे 'जुन्या भाषा' म्हणू लागलो. एकदा वीज गेली होती, काम बंद होतं आणि समोरच्या टेबलावरच्या बाबूने फारच खोदून विचारलं, तेव्हा खरं काय ते सांगून टाकलं. म्हटलं, हिब्रू शास्त्रात संदेष्टे असतात, म्हणजे देवाचं म्हणणं लोकांपर्यंत पोचवणारे. ते आजूबाजूच्या देशांच्या नावाने शाप उच्चारायचे. तुमच्या भिंती पडतील, तुमची शेतं ओसाड होतील, असं. हे शाप कुठून सुरू झाले आणि वाढत वाढत पोथीत कसे जाऊन बसले, त्याचा ती अभ्यास करते.

त्याने पंख्याच्या थांबलेल्या पात्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "मतलब पड़ोसियों को गाली?"

"तसंच समजा."

"इसके लिए जर्मनी जाना पड़ा?"

त्याचंही बरोबर. आमच्याकडे ही विद्या घरबसल्या मिळते. मी राहतो त्या पांढुर्ण्यात तर वर्षातून एक दिवस नदीच्या दोन काठांवर उभे राहून, दगडांसकट, तिचं प्रात्यक्षिकही होतं.

माझं ऑफिस हिंदीत चालतं. बाजारात अर्धी हिंदी, अर्धी मराठी. पूर्ण मराठी बोलायला घर होतं. बायको गेली आणि ते दुकान बंद झालं. आता घरात मी मराठी बोलतो ती कुकरशी, आणि त्याचीही उत्तरं शिट्टीच्या पुढे जात नाहीत. एरवी आमच्या खानदानात मी गोष्टीवाला म्हणून ओळखला जातो. लग्नात जेवणं उरकली, की मला मधोमध सतरंजीवर बसवायचे, "हं, सुरू कर गा" म्हणायचे आणि मी सुरू व्हायचो. माणसाला गोष्टी येतात म्हणजे बोलता येतं, असा सगळ्यांचा समज. माझाही होता.

तो समज रविवारच्या फोनने घालवला. बायको होती तेव्हा मुलीचा फोन तिचा असायचा. मी मागून "जेवली का विचार" एवढं ओरडायचो आणि बापाचं कर्तव्य आटोपलं असं मानून पेपर उघडायचो. फोन माझ्या हातात आल्यावर कळलं, की मला दुसरं वाक्यच येत नाही.

"जेवलीस?"

"हो बाबा."

"काय?"

"पास्ता."

"बरं."

मग दोघंही गप्प. तिच्याकडे थंडी, माझ्याकडे खिडकीतून मालगाडी जाते. एका रविवारी ती आता 'ठेवू का?' म्हणणार हे मला तिच्या श्वासावरून कळलं आणि मी घाईघाईने म्हटलं, "तुझा तो विषय तरी सांग. त्या शिव्यांचा."

पोरगी बोलू लागली ती थांबेना. खरं सांगतो, मला तेव्हा त्या विषयाशी काहीही घेणंदेणं नव्हतं. मला फोन लांबवायचा होता. पण बाबू माणूस. फाईल समोर आली की वाचतोच.

ती म्हणाली, "मूळ बहुतेक लढाईत आहे, बाबा. फौज निघण्याआधी राजा एखाद्या जाणत्याला बोलवायचा आणि सांगायचा, शत्रूच्या नावाने बोल. बोललेल्या शब्दाला धार असते असा विश्वास. इजिप्तमध्ये तर शत्रूंची नावं मडक्यांवर लिहून ती मडकी फोडलेली सापडली आहेत."

"आपल्याकडे दृष्ट काढून मडकं फोडतात तसं?"

"थोडंसं तसंच. पण हे कोणाला सांगत बसू नका."

कोणाला सांगणार? तेवढ्यात उन्हाळा लागला आणि सौसरला चुलत्यांच्या घरी लग्न निघालं.

त्या आठवड्यात तिने मला एक गोष्ट सांगितली होती. मवाब नावाच्या देशाचा राजा शेजारच्या टोळीला घाबरतो आणि त्यांना शाप द्यायला दूरवरून एक नामांकित शाप देणारा भाड्याने आणवतो. तो गाढवावर बसून निघतो. वाटेत देवदूत तलवार घेऊन उभा. गाढवाला दिसतो, शाप देणाऱ्याला दिसत नाही. गाढव अडतं, हा मारतो. पुन्हा अडतं, पुन्हा मार. शेवटी गाढवच वैतागून बोलतं, मी तुझं काय घोडं मारलं? आणि एवढं करून तिथे पोचल्यावर याच्या तोंडून शाप काही निघत नाही, आशीर्वादच निघतो. राजा कपाळ बडवतो.

हे मी लग्नात सादर केलं. गाढवही मीच, जाणताही मीच. लोक हसून हसून आडवे. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, सहसा हसत नाही. हसला की त्याचे फक्त खांदे हलतात. त्या दिवशी त्याचे खांदे हलत होते. आणि मागच्या रांगेतून एक म्हातारे मामा म्हणाले, "मस्त हाय. कोन्या पुराणातली गा?"

मी पोरीच्या अभिमानाने फुगलेलो. म्हणालो, "बायबलातली. आमची पोट्टी तेच शिकून राहिली ना तिकडे."

उपासाच्या दिवशी चुकून तोंडात शेव जावी, तसं सगळ्यांनी हसू गिळलं.

आईस्क्रीमच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर माझी मुलगी किरिस्ताव झाली होती. फाटकाशी येईस्तोवर तिने तिकडे लग्नही केलं होतं. गाडीत बसताना दादाने मला बाजूला घेतलं. "काय आयकून राहिलो मी?"

"काही नाही दादा. अभ्यास हाय तिचा."

"अभ्यास," तो म्हणाला. तो शब्द त्याने असा काही तोंडात धरला, की जणू कडू बदाम. मग गाडीत बसला आणि काच वर केली.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, मी बेडकांवर पीएचडी केली असती तर डबक्यात राहायला गेली असती का?"

"हे तू तुझ्या मोठ्या बाबाला सांग."

"तुम्ही सांगा. गोष्टी तुम्हाला येतात."

त्यानंतर गावाकडून फोन आला नाही. कोणी भांडलं नाही, कोणी काही बोललं नाही. भांडण झालं असतं तर मिटवायला तरी कोणी आलं असतं.

आमचं गाव रामाकोन्याच्या पुढे. दादा तिथे संत्र्याचा बगीचा आणि कापूस सांभाळतो. ट्रॅक्टर आहे, तरी बैलांची एक जोडी त्याने ठेवली आहे, आणि ती कशासाठी हे विचारलेलं त्याला आवडत नाही. पोळ्याला गावी जाणं हा माझ्या वर्षाचा उरलेला एकच सण. दिवाळीत मी घरात एक पणती लावतो आणि ती विझेपर्यंत बसून राहतो. त्याला सण म्हणत नाहीत. आदल्या वर्षी बायको गेल्याचं दुःख म्हणून पोळा नव्हता. त्याआधी दरवर्षी गावाहून 'या बरं पोळ्याले' असा फोन यायचाच. तो फोन आला म्हणजे मी घरचा. आणि त्याशिवाय गेलो तर कोण? सौसरच्या बसमधून उतरलेला एक माणूस. म्हणून पोळा जवळ येऊ लागला तसा मी फोन चार्जिंगला लावून त्याच्यासमोर बसू लागलो, जसं दुधावर साय धरायची वाट बघतात.

"तुम्हीच करा ना," मुलगी म्हणाली.

"मोठ्या भावाला फोन करून 'मला बोलव' म्हणतात का कुठं?"

"मग तेही तिकडे हेच म्हणत असतील."

"तू मेंढपाळाचं सांगत होतीस, ते सांग."

ती सांगत होती ते असं. पुढे पुढे हे शाप लढाईतून सुटून देवळात आणि दरबारात आले. सणाच्या दिवशी लोक जमायचे, संदेष्टा शेजारच्या देशांचं वाट्टोळं होणार म्हणून गर्जायचा आणि ऐकणारे खूश. कारण शेजाऱ्याचा सत्यानाश म्हणजे आपली बरकत. गंमत म्हणजे ज्याला शाप द्यायचा तो ऐकायला तिथे कधीच नसायचा. दमास्कसला, गाझाला कोणी जाऊन सांगत नव्हतं. बोलायचं परक्याला, ऐकवायचं आपल्यांना.

मग एक मेंढपाळ आला. मेंढ्या राखायचा आणि उंबराच्या झाडांचं काम करायचा. तो दक्षिणेच्या राज्यातला, बोलायला आला उत्तरेच्या राज्यात. त्याने चालीवर सुरू केलं. आधी दमास्कस. लोक म्हणाले, वा. मग गाझा. मग सोर, अदोम, अम्मोन, मवाब. दर वेळी सुरुवात तीच, ठेका तोच. मवाबाचा गुन्हा तर असा, की त्यांनी अदोमाच्या राजाची हाडं जाळली होती. म्हणजे परक्याने परक्याशी केलेलं वाईट. "हे नवीन होतं बाबा," मुलगी म्हणाली. "तोपर्यंत 'आम्हाला त्रास दिला' हाच गुन्हा. आता कोणीही कोणाशी वाईट वागला तरी हिशेब होणार." वर्तुळ आवळत आवळत त्याने आपल्या मूळच्या, दक्षिणेतल्या यहूदालाही धरलं. ऐकणारे अजून ठेक्यातच. आणि त्याच ठेक्यात तो म्हणाला, आता तुम्ही. गरिबाला जोड्याच्या भावात विकणारे तुम्ही.

"मग?"

"मग तिथल्या पुजाऱ्याने त्याला हाकलून दिलं."

मला ती युक्ती इतकी आवडली, की मी उठून उभा राहिलो. कारण असं, की आमच्याकडे पोळ्याला आखरावर, म्हणजे गावाच्या गुरांच्या मैदानावर, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैल उभे करतात, आणि तोरण तुटण्याआधी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे जुळवलेल्या दोन-चार ओळी, नुसते टोमणे. या गावाला, त्या गावाला, सासऱ्याला, सरकारला. शेवटी सगळा गाव 'हर बोला, हर हर महादेव' म्हणून गर्जतो. आमच्या घरातून आधी वडील झडती म्हणायचे, मग मी. दादाला ते जमत नाही. तो बैल धरतो.

तर मी ठरवलं, बोलावणं येवो न येवो, जायचं. शेजारची गावं एकेक करून घ्यायची आणि मग त्याच ठेक्यात आपलं गाव. खरं म्हणजे आपलं घर. खरं म्हणजे दादा. महिनाभर मी संध्याकाळी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीला झडत्या ऐकवत होतो. शेजारीण खालून एकदा म्हणाली, "भाऊजी, तब्येत बरी हाय ना?" मी म्हटलं, "सराव करून राहिलो." तिने पुढे विचारलं नाही. एकट्या माणसाला लोक फारसं विचारत नाहीत. उत्तर लांबेल म्हणून भितात.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी मुलीने जरा वेगळंच काढलं. म्हणाली, पुढे हे सगळे शाप गोळा झाले, मोठ्या पोथ्यांत गेले. शेजारची चिल्लर गावं होतीच, त्यात आता बाबेल आणि इजिप्तसारखी साम्राज्यं आली. एका संदेष्ट्याच्या पोथीत तर हिब्रू प्रतीत हे शाप शेवटी आहेत आणि ग्रीक प्रतीत मधोमध, देशांचा क्रमही वेगळा. म्हणजे लोक ते उचलून इकडून तिकडे ठेवत होते. एकाचा शाप दुसऱ्याच्या पोथीत जवळपास तसाच सापडतो.

"झडत्याही अशाच फिरतात," मी म्हटलं. "नाव बदललं की झालं."

"आणि आता ऐका. मवाबाचा शाप चालू असतो. उजाड होणार, द्राक्षांचे मळे वाळणार. आणि मध्येच बोलणारा रडू लागतो. म्हणतो, माझं काळीज मवाबासाठी कळवळतं."

"शाप देणाराच?"

"हो. यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही म्हणतात ही टिंगल आहे, खोटं रडणं. काही म्हणतात तो खरंच रडतोय. मला अजून ठरवता आलं नाही."

"आवाज ऐकल्याशिवाय कसं ठरवणार?" मी म्हटलं.

ती म्हणाली, "तुमचा आवाज बसलाय, बाबा. कोणाशी बोलता की नाही?"

मी टाकीचं सांगितलं नाही.

पोळ्याच्या दिवशी सकाळच्या बसने निघालो. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, तीच नदीकाठची दगडफेक, म्हणजे परतीचा रस्ता त्या दिवशी नाहीच. पिशवीत दोन दिवसांचे कपडे. सौसरला उतरून भावजयीसाठी पेढे घेतले. मग ते बघून मीच शरमलो, बदला घ्यायला निघालेला माणूस पेढे कशाला नेतो? पण टाकून देण्यासारखा भाव नव्हता त्यांचा.

घरी गेलोच नाही. सरळ आखरावर गेलो. बैल सजून उभे होते, शिंगांना बेगड, अंगावर झुली, घुंगरांचा एकच नाद. दादा कासरा धरून रांगेत होता. मला बघितलं, मान किंचित हलवली. ती हो होती की बैलाने झटका दिला म्हणून हलली, ते समजलं नाही.

"आला बाप्पा झडतीवाला!" कोणीतरी ओरडलं. "म्हण गा!"

मी पुढे झालो. आधी लोधीखेडा:

"लोधीखेड्याचा बैल भारी, चारा खाते दुपारी,
नांगर दिसला का म्हणते, तब्येत नाही बरी!"

हर बोला, हर हर महादेव. मग रामाकोना:

"रामाकोन्याचा पाहुणा आला जेवाच्या वेळेवर,
पंगत उठून आंचवली, ह्याचं बूड पाटावर!"

गर्जना. बैल दचकले. मग सौसर:

"सौसरच्या सौदागराचा संत्र्यावर भारी जीव,
गोड गोड घरात ठेवते, आंबट पेटीत भरून दिव!"

शेवटचा शब्द मी ओढूनताणून बसवला होता, पण ठेका धरलेल्या लोकांना काही कळत नाही. सगळे रंगात आलेले. मी श्वास घेतला, दादाकडे तोंड करायचं ठरवलं होतं ते धैर्य झालं नाही म्हणून मारुतीच्या देवळाकडे तोंड केलं, आणि म्हटलं:

"आमच्या गावाची रीत न्यारी, परक्याले देते पाट,
पाठच्या भावाले मात्र दाखवते फाटकाची वाट!"

आता शांतता होईल. आता माना वळतील. मेंढपाळाला हाकललं तसं मलाही कोणी हाकलेल, निदान कोणी मोठ्या माणसाने खाकरावं.

"हर बोला, हर हर महादेव!" सगळा गाव पूर्वीपेक्षाही जोरात गर्जला. माझ्या बाजूचा एक जण खुशीत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हे कोन्या गावाले मारलं रे? बेस होती!" तेवढ्यात तोरण तुटलं, डफडं वाजलं, पोळा फुटला, बैल आणि माणसं एकदम धावली, आणि धुळीत मी एकटा उभा राहिलो, महिनाभर घासलेला सूड हातात घेऊन. दादाने वळून बघितलं की नाही ते धुळीमुळे दिसलंच नाही.

गेलो घरी. दुसरीकडे जाणार कुठे?

वहिनी दारात बैलांचे पाय धूत होती. मला बघून म्हणाली, "या. हात धुवा, पुरण गरम हाय." जणू मी शेतातून आलो. मी पेढे दिले. तिने ते पदरात धरले आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "या वर्षी फोन नाही आला, वहिनी."

ती थांबली. तांब्या हातातच. म्हणाली, "मी लावला ना."

"मला नाही आला."

"तुमचा नंबर कुठं हाय माह्यापाशी? मी तर तिलेच लावत होती दरवर्षी. हे तर फोन आला तर उचलतात, लावता येत नाही ह्यायले." मग खाली बघून, "औंदाही लावला. सवयीनं. दोन-चारदा लावला. बंद दाखवत होता. मंग ध्यानात आलं."

बायकोचा फोन कपाटात आहे. मी तो कधी चार्ज केला नाही.

इतकी वर्षं 'गावाहून फोन आला' असं मी म्हणत होतो, तो फोन एका बाईने दुसऱ्या बाईला केलेला असायचा. दोघा भावांपैकी कोणी कोणाला कधी बोलावलंच नव्हतं. मला वाटत होतं बायबलाने फोन तोडला. तो त्याच्या आधीच तुटला होता. लग्नातल्या गाढवाने फक्त मला कारण पुरवलं.

दादा गोठ्यात बैलाच्या तोंडात पुरणपोळी देत होता. मी जाऊन खांबाला टेकलो. त्याने वर बघितलं नाही.

"झडती बेस होती," तो म्हणाला. "पण इकडे तोंड करून म्हणाची होती."

त्याने बैलाचा खांदा थोपटला.

"आवतन बैलाले देतात. घरच्या माणसाले कोनं देल्लं कधी?"

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावतात आणि त्यांना सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दादा ते दरवर्षी बैलाच्या कानाशी तोंड नेऊन, अगदी मनापासून सांगतो. बैलाला सांगावं लागतं. त्याला कसं कळणार की हे घर त्याचं आहे? हे दादाचं तर्कशास्त्र. त्यात खोट काढायला गेलो असतो तर मला सापडली नसती, आणि तरी महिनाभर फोनसमोर बसलो होतो तोही मीच.

"लोकं बोलून राहिले होते," तो पुढे म्हणाला. "मी आयकून घेतलं. काय बोलू? मले तरी काय मालूम ती काय शिकते ते. एकदा नीट सांग."

मग मी सांगितलं. या खेपेला गाढव केलं नाही, आवाज बदलला नाही. लढाईच्या आधीचं सांगितलं, मडक्यांचं सांगितलं, मेंढपाळाचं सांगितलं. मेंढपाळाचं ऐकताना त्याने माझ्याकडे तिरकं बघितलं आणि त्याचे खांदे थोडेसे हलले. "म्हणजे तिकडूनच उचललं तू."

"हो."

"मंग?"

मग मवाबाचं सांगितलं. शाप देता देता रडू लागलेल्या माणसाचं. तो खरा रडतो की खोटा, हे शिकलेल्या लोकांनाही ठरवता आलं नाही, हेही सांगितलं.

दादाने दुसऱ्या बैलाला पोळी दिली. हात झुलीला पुसला. "मंग त्या गावाचं काय झालं?"

"कोणत्या?"

"ज्याच्यासाठी रडला तो."

मला आठवावं लागलं. "ते राहिलं नाही, दादा. मवाब नाही, अदोम नाही, अम्मोन नाही. ती माणसं कुठे गेली, कोणात मिसळली, नीट कोणाला सांगता येत नाही. ती गेली. त्यांना दिलेल्या शिव्या तेवढ्या राहिल्या. लोक अजून वाचतात."

बैल रवंथ करत होते. बाहेर कोणाचे तरी बैल दारोदार फिरत होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज जवळ आला आणि दूर गेला.

"तिनं आपलं काही सोडलं नाही ना पन?" दादाने विचारलं.

"नाही."

"अन् सोडलं असतं तर?"

मी बैलाची झूल सारखी केली. त्यानेही पुन्हा विचारलं नाही. वहिनीने जेवायला हाक मारली. जेवताना त्याने मला आग्रह करून पोळीवर तूप वाढलं, आणि मुलीचं नाव काही घेतलं नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. बगीच्यात फिरलो, कोणत्या झाडाला डिंक्या रोग लागला ते त्याने दाखवलं, मी अरेरे म्हटलं. आम्ही दोघं चांगलं वागत होतो, पाहुण्यासारखं.

पांढुर्ण्याला परत आलो. रविवारी मुलीला सगळं सांगितलं, फोनचं मात्र सांगितलं नाही. आईच्या बंद फोनवर वहिनी फोन लावत होती हे तिला तिकडे एकटीला कळून काय करायचं? ती म्हणाली, "मोठे बाबा माझ्याबद्दल काय म्हणाले?"

"विचारत होते, काय शिकते ते."

"एवढंच?"

"नीट ऐकून घेतलं त्यांनी."

ती "बरं" म्हणाली. माझंच 'बरं' ते, मी ओळखलं. मग म्हणाली, आता लिखाण शेवटाला आलं आहे, पुढचे काही रविवार जमणार नाही, रागावू नका. मी म्हटलं, छे, मलाही इथे खूप काम आहे. जेवलीस? हो बाबा.

पुढचा रविवार आला. दुपारी मी भांडी घासली, ती पुन्हा एकदा घासली. मालगाडी गेली. मग मी फोन घेतला आणि दादाचा नंबर लावला. आयुष्यात पहिल्यांदा. त्याने उचलला, पण बोलेना. शेवटी मी म्हटलं, "जेवला का?"

"हो. तू?"

"हो."

"काय?"

"खिचडी."

"बरं."

मग आम्ही तसेच बसलो. तिकडे पाण्याची मोटर चालू होती, कोंबडं ओरडत होतं. ठेवू का म्हणावं असं मला वाटलं, पण मी म्हटलं नाही, आणि त्यानेही म्हटलं नाही. मागून वहिनीने विचारलेलं ऐकू आलं, "कोन हाय?" दादाने फोन तोंडापासून दूर न धरता तिला माझं नाव सांगितलं, लहानपणचं, जे आता त्याच्याशिवाय कोणी घेत नाही. मग मला म्हणाला, "हं, बोल."

मला बोलायला काही नव्हतं. पण फोन चालू होता, म्हणून मी त्याला पोरीने म्हटलेलं ते बेडकांचं सांगायला सुरुवात केली.